खोपोली ते तिरोडा : चढत्या विद्युतदाबाची शंभर वर्षे

2012 ते 2014 या काळात गोंदिया जिल्ह्यात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. तिरोड्याच्या औद्योगिक वसाहतीत प्रत्येकी 660 मेगावॉटचे पाच संच एकामागून एक सुरू झाले आणि 3,300 मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र उभे राहिले. तिथून वीसेक किलोमीटरवर नागझिऱ्याचे जंगल लागते. 1970 साली अभयारण्य झालेले हे जंगल, नवेगाव आणि लगतचे वनक्षेत्र मिळून डिसेंबर 2013 मध्ये व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. नागझिरा तलावाकाठची विश्रामगृहे वर्षानुवर्षे वीजतारेविना चालत आली. तिरोड्याहून निघालेली 765 किलोव्होल्टची वाहिनी मात्र कोराडी आणि अकोल्यावरून थेट औरंगाबादपर्यंत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरपर्यंत, पाचशे किलोमीटरहून लांब गेली.

पाणी वैनगंगेचे, जमीन धानपट्ट्यातली, कोळसा बाहेरून आणलेला आणि गिऱ्हाईक पश्चिमेला, अशी ही मांडणी आहे. तिच्यामागे राजकारण आणि अर्थकारण आहेच. पण ती मुळात शक्य झाली ती शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या दोन ओळींमुळे. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो आणि दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती मिळते. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. महाराष्ट्रात वीज कुठे तयार झाली, कुठे पोचली आणि त्यासाठी कोणाची जमीन गेली, याचा शंभर वर्षांचा इतिहास या दोन ओळींच्या आधाराने वाचता येतो.

एका वर्गाचे गणित

कोलोनमध्ये शाळामास्तर असलेल्या गेओर्ग ओहम याने 1820 च्या दशकात वेगवेगळ्या लांबीच्या तारा घेऊन प्रयोग केले. त्या काळच्या बॅटऱ्यांचा जोर थोड्याच वेळात ओसरे, त्यामुळे मापे जुळत नसत. म्हणून त्याने बिस्मथ आणि तांबे यांचा सांधा वापरला. त्याचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवले की दाब स्थिर मिळे. तार लांब केली की प्रवाह किती घटतो, हे आता नेमके मोजता आले. 1827 साली त्याचा ग्रंथ निघाला. जर्मनीतल्या विद्वानांनी त्याची फारशी कदर केली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक त्याला मिळाले ते 1841 साली.

त्याच सुमारास मँचेस्टरजवळच्या एका बिअर गाळणाऱ्या घराण्यातला जेम्स जूल तारा पाण्यात बुडवून पाण्याचे तापमान मोजत होता. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते, असे त्याला आढळले. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पुढची सगळी कथा या एका वर्गावर उभी आहे. 1881 च्या पॅरिस परिषदेत व्होल्ट, ओहम आणि अँपिअर ही एकके ठरली. वॉट हे नाव पुढच्या वर्षी विल्यम सीमेन्स यांनी सुचवले.

हिशेब घरच्या दिव्यावर करून पाहता येतो. जुना पिवळा 60 वॉटचा दिवा 230 व्होल्टवर लावला, तर 60 ला 230 ने भागून प्रवाह 0.26 अँपिअर येतो आणि 230 ला 0.26 ने भागून रोध सुमारे 880 ओहम येतो. हा रोध तापलेल्या तंतूचा. तोच दिवा विझवून, गार करून मीटरने मोजला, तर रोध याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो, कारण टंगस्टन तापले की त्याचा रोध वाढतो. दिव्यात ही उष्णता हवीच असते. गावोगाव जाणाऱ्या तारेत मात्र ती निव्वळ तोटा ठरते.

आता तोच हिशेब लांबच्या वाहिनीला लावू. समजा 10 मेगावॉट, म्हणजे एक कोटी वॉट, वीज पाठवायची आहे आणि जाण्या-येण्याच्या तारेचा एकूण रोध 10 ओहम आहे. तीन फेजांची भानगड तूर्त बाजूला ठेवू. 10,000 व्होल्टवर पाठवली तर प्रवाह 1,000 अँपिअर लागतो. त्याचा वर्ग दहा लाख, गुणिले 10 म्हणजे एक कोटी वॉट. जितकी वीज घातली तितकी सगळी तार तापवण्यातच संपली. तीच वीज 1,00,000 व्होल्टवर पाठवली तर प्रवाह 100 अँपिअरवर येतो आणि तोटा एक लाख वॉटवर, म्हणजे शंभरात एका हिश्श्यावर. दाब दहापट, तोटा शंभरावा हिस्सा. एक लाख रुपये दहाच्या नोटांत नेण्याऐवजी पाचशेच्या नोटांत नेले की रक्कम तीच राहते, गठ्ठा आटोपशीर होतो. व्होल्टेज वाढवणे म्हणजे विजेची मोठी नोट करणे.

एडिसनला हे गणित अडचणीचे होते. 1882 साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याने सुरू केलेले केंद्र 110 व्होल्टची एकदिश वीज देई. मैलभरापलीकडे ती परवडेनाशी होई. 1885 साली बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातल्या अभियंत्यांनी व्यवहारात चालणारा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे रोहित्र, तयार केला आणि प्रत्यावर्ती विजेचा दाब हवा तेव्हा चढवता आणि उतरवता येऊ लागला. 1891 साली जर्मनीत लाउफेन इथल्या धबधब्याची वीज 15,000 व्होल्टवर 175 किलोमीटर दूर फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात पोचली. टोकाला तीन चतुर्थांश वीज हाती आली. धबधबा एका गावी आणि कारखाना दुसऱ्या गावी असू शकतो, हे सिद्ध झाले.

गिरण्यांचा कोळसा, घाटाचे पाणी

भारतात दार्जिलिंगजवळ 1897 मध्ये छोटे जलविद्युत केंद्र सुरू झाले. मोठी उडी म्हैसूर संस्थानाने मारली. 1902 साली कावेरीवरच्या शिवनसमुद्रम इथून कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत सुमारे 147 किलोमीटर वीज गेली. त्या काळी जगातल्या सर्वांत लांब वाहिन्यांत तिची गणना होई.

मुंबईची गरज वेगळी होती. क्रॉफर्ड मार्केटमध्ये 1882 साली विजेचे दिवे लागले होते, पण तो प्रयोग टिकला नाही. 1905 साली बी.ई.एस.टी. कंपनी आली आणि 7 मे 1907 रोजी विजेवरची ट्राम धावली. ही वीज शहरातच, कोळसा जाळून तयार होई. शहराची मोठी भूक होती ती मात्र गिरण्यांची. परळ-लालबागच्या गिरण्या वाफेवर चालत. कोळसा बंगालच्या खाणींतून किंवा समुद्रामार्गे येई, म्हणून महाग पडे, आणि चिमण्यांचा धूर गिरणगावावर उतरे.

कोळसा नव्हता, पण मुंबईच्या पाठीशी सह्याद्री होता. लोणावळ्याच्या माथ्यावर पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि घाटाखाली खोपोली पाचशे मीटरहून अधिक खोल आहे. सेकंदाला एक घनमीटर पाणी पाचशे मीटर खाली सोडले तर जवळपास पाच मेगावॉट शक्ती मिळते. पावसाळ्याचे पाणी तलावांत अडवून वर्षभर पुरवायचे, अशी कल्पना डेव्हिड गॉसलिंग यांच्यासारख्या जाणकारांनी मांडली आणि जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली. 1904 साली जमशेटजी गेले. दोराबजी टाटांनी काम पुढे नेले. 1910 साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची नोंदणी झाली, भांडवल देशातल्याच संस्थानिकांनी आणि व्यापाऱ्यांनी उभे केले. फेब्रुवारी 1911 मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी पायाभरणी केली.

लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांचे पाणी पोलादी नळांतून खोपोलीला उतरू लागले. तिथे तयार झालेली वीज सुमारे 70 किलोमीटरवरच्या परळला न्यायची होती. त्यासाठी 1,00,000 व्होल्ट दाब निवडला गेला. त्या काळी इतक्या दाबाच्या वाहिन्या जगातही मोजक्याच होत्या. धाडस वाटावे असा हा आकडा जूलच्या वर्गातून निघाला होता. दाब कमी ठेवला असता तर इतकी वीज नेण्यासाठी तांबे किती जाड घालावे लागले असते, याचा विचार केला की उंच मनोरे आणि लांब इन्सुलेटर स्वस्त पडतात. 11 फेब्रुवारी 1915 रोजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते केंद्र सुरू झाले. गिरण्यांमध्ये वाफेच्या इंजिनांची जागा विजेच्या मोटारी घेऊ लागल्या.

मागणी वाढली तशी आणखी धरणे आली. आंध्रा खोऱ्याच्या पाण्यावर भिवपुरीचे केंद्र 1922 मध्ये, मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे केंद्र 1927 मध्ये सुरू झाले. पाणी अडवायचे घाटमाथ्यावर, वीज तयार करायची कोकणच्या पायथ्याशी आणि वापरायची मुंबईत, ही साखळी पक्की झाली.

हिशेबाबाहेरचा खर्च

मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात धरण बांधायचे ठरले तेव्हा मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावे पाण्याखाली जाणार होती. आंबेमोहोर तांदूळ पिकवणारा हा मावळ मुलूख. तिथल्या मावळ्यांनी 1921 साली रामनवमीला सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी झाले आणि त्यानंतर सेनापती बापट म्हणून ओळखले जाऊ लागले. विनायकराव भुस्कुटेही त्यांच्या बरोबरीने लढले. सत्याग्रहींना तुरुंगवास झाला, लढा 1924 पर्यंत चालला आणि शेवटी धरण झाले.

मुळशीचा सत्याग्रह हा धरणग्रस्तांच्या भारतातल्या पहिल्या संघटित लढ्यांपैकी एक. त्याच्याकडे विजेच्या अंगाने पाहिले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. वीज लांब नेता येत नव्हती तोवर तिचा धूर आणि तिचा उजेड एकाच गावात असत. चिमणीखाली राहणाराच दिवा लावी. एक लाख व्होल्टने हे दोघे वेगळे केले. बुडणारे शेत मावळात, फिरणारी चाती परळमध्ये, आणि मधल्या तारेत जाणारा तोटा शेकड्यात थोडका. अभियंत्याच्या कागदावर हा थोडका तोटा होता. मावळातल्या शेताचे नुकसान त्या कागदाच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हते.

रेल्वेने त्याच दशकात दुसरी वाट धरली. 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही विजेची गाडी 1,500 व्होल्टच्या एकदिश विजेवर धावली. 1 जून 1930 पासून डेक्कन क्वीन घाट चढून पुण्याला जाऊ लागली. एकदिश मोटारी तेव्हा भरवशाच्या होत्या, म्हणून ती निवड त्या वेळी बरोबरच होती. पण दाब कमी म्हणजे प्रवाह जास्त. लोकलने 3 मेगावॉट शक्ती ओढली, असे धरले तर 1,500 व्होल्टवर 2,000 अँपिअर लागतात आणि 25,000 व्होल्टवर फक्त 120. त्यामुळे मुंबईच्या मार्गांवर जाड तारा आणि थोड्या थोड्या अंतरावर उपकेंद्रे ठेवावी लागली. 25 किलोव्होल्टकडे जाण्याचे काम पश्चिम मार्गावर 2012 मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर 2015 मध्ये आणि हार्बरवर 2016 मध्ये पुरे झाले. 1925 मध्ये सोयीच्या ठरलेल्या दाबाने रेल्वेला नव्वद वर्षे बांधून ठेवले.

कोयनेपासून कोळशापर्यंत

स्वातंत्र्यानंतर विजेचा कारभार सरकारी मंडळाकडे आला. 1960 साली महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. कोयनेचा पहिला टप्पा 1962 मध्ये सुरू झाला. पोफळीच्या डोंगराच्या पोटात यंत्रे बसली आणि वीज 220 किलोव्होल्टवर मुंबईकडे गेली. खोपोलीच्या मानाने दाब दुप्पटीहून जास्त. अंतरही वाढले होते आणि वीजही. डिसेंबर 1967 च्या भूकंपात कोयनेची वीज थांबली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या उद्योगांना झळ बसली. लांबून येणाऱ्या विजेवर शहर किती विसंबले आहे, हे त्या दिवसांत उमगले.

सह्याद्रीचे पाणी संपत नव्हते, पण मोठी केंद्रे बांधण्याच्या जागा संपत चालल्या होत्या. राज्याकडे दुसरी शिदोरी होती ती विदर्भातल्या कोळशाची. कामठी, उमरेड, चंद्रपूर आणि वर्धा खोऱ्यातला हा कोळसा. खापरखेड्याला 1950 च्या सुमारास छोटे केंद्र सुरू झाले होतेच. कोराडीचा पहिला संच 1974 मध्ये, चंद्रपूरचे मोठे केंद्र 1980 च्या दशकात आले.

आता प्रश्न असा होता : कोळसा मुंबईकडे न्यायचा की वीज? या कोळशात राखेचे प्रमाण मोठे असते. मालगाडीतून ती राखही भाडे देऊन न्यावी लागते. केंद्र खाणीच्या तोंडाशी बांधले तर राख तिथेच राहते आणि तारेतून फक्त वीज जाते. गणिताने कौल दिला तो तारेला. 400 किलोव्होल्टच्या वाहिन्या चंद्रपूरपासून राज्याच्या आडव्या विस्तारात पसरल्या.

1999 मध्ये चंद्रपूर ते पडघे ही सुमारे 750 किलोमीटरची एकदिश वाहिनी कामाला लागली. तिच्या दोन तारांत एक अधिक 500 किलोव्होल्ट आणि दुसरी उणे 500. दोहोंतला फरक दहा लाख व्होल्ट. तिची क्षमता 1,500 मेगावॉट. एकदिश विजेत गुणाकार थेट लागू होतो : 1,500 मेगावॉट भागिले दहा लाख व्होल्ट, म्हणजे 1,500 अँपिअर. खोपोलीच्या 1,00,000 व्होल्टवर एवढ्या विजेला 15,000 अँपिअर लागले असते. एडिसन ज्या एकदिश विजेवर अडला होता, तीच शंभर वर्षांनी सर्वांत लांबच्या प्रवासासाठी कामी आली. फरक एवढाच की इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्हमुळे आता तिलाही उंच दाबावर चढवता येत होते.

वीज पश्चिमेला गेली, राख आणि तापलेले पाणी चंद्रपूर-कोराडीला राहिले. विदर्भ आपल्या गरजेहून जास्त वीज तयार करतो आणि त्याच विदर्भात भारनियमन होते, ही तक्रार याच काळात सभांमधून आणि विधानसभेतून वारंवार ऐकू येऊ लागली.

तिरोडा

2005 साली विद्युत मंडळाचे विभाजन झाले आणि निर्मिती, पारेषण, वितरण यांच्या वेगळ्या कंपन्या झाल्या. निर्मितीत खासगी उद्योग आले. तिरोड्याचा अदानी समूहाचा प्रकल्प हा त्यातला मोठा. त्याच्यासाठी चंद्रपूरजवळच्या लोहारा इथला कोळसापट्टा ठरला होता. पण तो ताडोबाच्या वाघांच्या वाटेत येत होता. स्थानिक विरोध झाला आणि 2009-10 च्या सुमारास केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नकार दिला. कोळसा मग इतर ठिकाणांहून आणावा लागला. वाघांमुळे एका वीज केंद्राचा कोळसा बदलला, अशी उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत.

केंद्र सुरू होताच वाहिनीचा प्रश्न आला. तीन फेजांच्या वाहिनीत प्रवाह काढताना दाबाला आणखी 1.73 ने गुणून भागावे लागते. तिरोड्याच्या एका 660 मेगावॉटच्या संचाची वीज खोपोलीच्या 100 किलोव्होल्टवर न्यायची तर प्रत्येक तारेतून सुमारे 3,800 अँपिअर जातील. 400 किलोव्होल्टवर सुमारे 950 आणि 765 किलोव्होल्टवर सुमारे 500. तारांचा रोध तोच धरला तर 100 ऐवजी 765 किलोव्होल्टवर तोटा 58 पटींनी कमी होतो. म्हणून 400 किलोव्होल्टच्या वाहिनीला जोडून 765 किलोव्होल्टचा मार्ग उभारला गेला. पूर्वेकडची वीज मोठ्या प्रमाणात पश्चिमेकडे नेणारा हा राज्याचा नवा हमरस्ता ठरला.

शेवटच्या मैलावर

दाब चढवण्याची कथा मनोऱ्यांपाशी थांबत नाही. उपकेंद्रातून उतरत उतरत वीज गावच्या डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, येते आणि तिथून 400 व्होल्टच्या आसपास शेताकडे निघते. गोंदिया-भंडाऱ्यात मामा (माजी मालगुजारी) तलावांवर आणि विहिरींवर उन्हाळी धानासाठी मोटारपंप चालतात. एकाच डीपीवरून लांबच लांब तार ओढलेली असते आणि तिच्यावर पंपांमागून पंप जोडलेले असतात. तारेचा रोध एक ओहम आणि प्रवाह 40 अँपिअर धरला, तर ओहमच्या नियमाने वाटेतच 40 व्होल्ट गळतात आणि जूलच्या नियमाने त्या तारेत 1,600 वॉटची उष्णता होते. शेवटच्या शेतकऱ्याच्या हाती उरतो तो पडलेला दाब. दिवा अशा वेळी नुसता मंद होतो. मोटारीचे उलटे असते. तिच्यावरचा भार तसाच असल्याने ती कमी दाबावर जास्त प्रवाह ओढते आणि तापते. शेतकरी ‘व्होल्टेज नाही, मोटार जळाली’ म्हणतो, त्यामागे प्रवाहाचा हाच वर्ग असतो.

2018 पासून महावितरणने कृषिपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली हाती घेतली. 11,000 व्होल्टची वाहिनीच शेतापर्यंत न्यायची आणि एक-दोन पंपांसाठी छोटे रोहित्र बसवायचे, असा तो बेत. वाहिनीतला प्रवाह सुमारे सत्ताविसाव्या हिश्श्यावर आला की तोटा सातशेव्या हिश्श्याच्या आसपास उतरतो. आकडा टाकून वीज घेणेही अवघड होते. परळच्या गिरण्यांसाठी 1915 साली केलेला विचार शेताच्या बांधापर्यंत यायला शंभर वर्षे लागली.

जंगलाच्या कडेला याच सूत्राची दुसरी बाजू दिसते. रानडुकरांपासून धान वाचवण्यासाठी काही जण कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडतात. शिकारीही तेच करतात. ओल्या मातीवर उभ्या असलेल्या जिवाच्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर 230 व्होल्टवर जवळपास पाव अँपिअर प्रवाह जातो. हृदयाची लय बिघडायला त्याहून कितीतरी कमी पुरतो. नागझिऱ्यात वाढून उमरेड-कऱ्हांडल्याला गेलेला जय हा वाघ 2016 मध्ये दिसेनासा झाला. त्याचा बछडा श्रीनिवास एप्रिल 2017 मध्ये नागभीड भागात अशाच जिवंत तारेला लागून मेला. अशा कुंपणांना माणसेही बळी पडली आहेत. सौरकुंपणात दाब हजारो व्होल्टचा असतो, तरी त्याने जीव जात नाही, कारण धक्का सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरता आणि मोजक्या ऊर्जेचा असतो. दाब मोठा म्हणजे धोका मोठा, असे सरसकट नाही. किती प्रवाह किती वेळ वाहिला, यावर सारे ठरते.

गोंदियाचे सारस हे त्याचेच आणखी एक उदाहरण. एका तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही, कारण तिच्या दोन्ही पायांमध्ये दाबाचा फरक जवळपास नसतो. सारसाचे पंख मात्र पसरले की दोन मीटरहून रुंद होतात आणि 11,000 व्होल्टच्या दोन तारांना एकाच वेळी भिडू शकतात. सारसांच्या संवर्धनाचा विषय 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून हाती घेतला आणि शेतांवरच्या वीजतारांचा प्रश्न न्यायालयापुढे आला.

लाभ आणि भार

शंभर वर्षांचा हिशेब मांडला तर जमेची बाजू मोठी आहे. दाब चढला नसता तर राज्याला प्रत्येक शहरात चिमणी उभारावी लागली असती आणि प्रत्येक चिमणीपर्यंत कोळशाची मालगाडी न्यावी लागली असती. खोपोलीने गिरणगावाचा धूर कमी केला, कोयनेने कारखानदारी वाढवली, चंद्रपूर आणि तिरोड्याने राज्याला भारनियमनातून बाहेर काढायला हातभार लावला. वीज तयार करण्याची जागा आणि वापरण्याची जागा वेगळी असू शकते, ही सोय होती म्हणूनच हे झाले.

पण त्याच सोयीने भार आणि लाभही वेगळे केले. मुळशीचे शेतकरी, चंद्रपूरचे रहिवासी आणि वैनगंगेकाठची गावे एका बाजूला, आणि वाहिनीच्या दुसऱ्या टोकाचे ग्राहक दुसऱ्या बाजूला. दाबाचा प्रत्येक टप्पा ही दोन टोके आणखी लांब नेतो. पुढचा टप्पाही दूर नाही. वर्धा ते औरंगाबाद ही पॉवरग्रिडची वाहिनी आज 400 किलोव्होल्टवर चालते, पण तिचे मनोरे पुढे 1,200 किलोव्होल्ट सोसतील असे उभारले आहेत.

अतिउच्चदाब वाहिनीला मंजुरी देताना तिच्यातला तोटा शेकड्याच्या दशांशापर्यंत मोजला जातो. तिच्या मुळाशी असलेल्या गावांना पुरेशा दाबाची वीज मिळते का, जंगलाकडेच्या शेतांना सौरकुंपण मिळाले का आणि पाणवठ्यांवरच्या तारांना आवरण चढले का, या गोष्टी मात्र वेगवेगळ्या खात्यांच्या वेगवेगळ्या योजनांवर सोडून दिल्या जातात. केंद्र, मनोरे आणि गावची 11,000 व्होल्टची वाहिनी यांचा विचार एकाच प्रस्तावात, एकाच खर्चपत्रकात व्हायला हवा. पाचशे किलोमीटरवर वीज नेताना वाचलेल्या तोट्याचा छोटासा भागही त्यासाठी पुरेल, आणि हे दाखवायला गुणाकार-भागाकाराहून अवघड गणित लागत नाही.